अंगणातले लाकडी फर्निचर घेताना: बेळगाव परिसरासाठी मार्गदर्शक

सहा वर्षांपूर्वी, ऐन ऑगस्टमध्ये, टिळकवाडीतल्या आमच्या घरापुढच्या लहानशा बागेसाठी मी एक लाकडी बाक आणि दोन खुर्च्या विकत घेतल्या. दुकानदाराने 'अस्सल सागवान' असे सांगितले होते, पॉलिश आरशासारखे चमकत होते आणि सांधे इतके घट्ट दिसत होते की त्यात नखही शिरले नसते. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच सांध्यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली. त्यानंतरच्या पावसाळ्यात बैठकीच्या पट्ट्या खालच्या बाजूने काळ्या पडून मऊ झाल्या आणि दिवाळीची साफसफाई करताना बाकाचा मागचा एक पाय माझ्या हातात आला. पुढच्या वर्षी खानापूरकडच्या एका मेस्त्रींकडून मी दुसरा बाक करून घेतला आणि त्या निमित्ताने वखारी, करवतीच्या गिरण्या आणि फर्निचरची दुकाने बरीच पालथी घातली. दुसऱ्या बाकाने आतापर्यंत चार पावसाळे काढले आहेत. पहिल्या खरेदीच्या वेळी मला जे माहीत असायला हवे होते, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

सुरुवातीला एकच गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे उघड्यावरचे लाकूड पावसात भिजल्यामुळे तितकेसे कुजत नाही. भिजल्यानंतर पाणी जिथे अडून राहते, तिथे ते कुजते. पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी म्हणजे पाणी अडण्याच्या जागा शोधण्याचाच एक प्रकार आहे.

सोबत न्यायच्या वस्तू

- मोजपट्टी, छोटी बॅटरी आणि लोहचुंबक
- पांढरा सुती कपडा आणि थोडे स्पिरिट
- सामानाचे वजन करण्याचा हाताचा काटा
- मिळाल्यास लाकडातील ओल मोजण्याचे यंत्र (मेस्त्रींकडून तासाभरासाठी मागून घेता येते)
- दोन-अडीच मीटर दोरा

१. आधी जागा ठरवा, मग लाकूड

बेळगाव जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही. कणकुंबी, जांबोटी या पश्चिमेच्या भागात पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. अथणीकडे मात्र पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असतो. बेळगाव शहर आणि निपाणी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात. त्यामुळे खानापूर तालुक्यात खरा शत्रू बुरशी आणि वाळवी आहे, तर अथणी-चिकोडीकडे ऊन, कारण उन्हाने लाकूड तडकते आणि पीळ खाते. कारवारकडे समुद्राची खारी हवा यात भर घालते.

जागा गवतावर आहे, मातीवर आहे की फरशीवर, हेही आधीच ठरवून ठेवा. लाकडाचा पाय थेट मातीत टेकला, मग ती खानापूरची तांबडी असो वा बैलहोंगलची काळी, की सर्वांत उत्तम लाकडाचेही आयुष्य कमी होते. चार कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे ही या सगळ्या खरेदीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

२. लाकडाचे नाव दोन्ही भाषांत विचारा

सीमाभागात वखारीतला हिशेबनीस मराठी, मेस्त्री कन्नड आणि गिरणीवाला हिंदी बोलणारा असा योग नेहमीच येतो, आणि नावांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पुढील जोड्या पाठ करून गेलात तर निम्मी फसवणूक टळेल: सागवान म्हणजे तेग, ऐन म्हणजे मत्ती, बिबळा म्हणजे होन्ने, नाना म्हणजे नंदी, जांबा म्हणजे जंबे, फणस म्हणजे हलसु, शिसव म्हणजे बीटे आणि बाभूळ म्हणजे जाली. ज्या नावाने सौदा झाला, तेच नाव बिलावर यायला हवे. 'जंगली लाकूड' किंवा 'हार्डवूड' ही नावे नव्हेत.

सागवान सर्वांत चांगले का, याचे उत्तर त्याच्या गाभ्यात आहे. त्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि ओल-वाळ होताना ते फारसे आकसत किंवा फुगत नाही. लाकडाच्या टिकाऊपणासाठी भारतीय मानकांत तीन वर्ग केलेले आहेत: गाभ्याचे नमुने जमिनीत पुरून ठेवल्यावर ते सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा आणि त्याहून कमी टिकले तर तिसरा. सागवानाचा गाभा पहिल्या वर्गात येतो, आंब्याचे लाकूड तिसऱ्यात. आंब्याचे टेबल घरात वर्षानुवर्षे राहील, अंगणात राहणार नाही.

परंतु 'सागवान' हा शब्द दुकानात फार सैलपणे वापरला जातो. दांडेलीचे सागवान आपल्या भागात नावाजलेले आहे, म्हणून प्रत्येक दुकानातले सागवान दांडेलीचेच असते. 'सीपी' म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूरकडचे. 'बर्मा' हे नाव अजूनही सर्रास ऐकू येते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, तेव्हा स्वस्त दरात 'ताजे बर्मा' कोणी देत असेल तर तिथे वेळ घालवू नका. 'आफ्रिकन सागवान' या नावाखाली अनेकदा इरोको नावाचे वेगळेच लाकूड येते. ते वाईट नाही, पण ते सागवान नव्हे आणि त्याचा दरही सागवानाचा नसावा.

सागवान परवडत नसेल तर बिबळा आणि फणसाचा गाभा यांचा अवश्य विचार करा. जांबा अतिशय टिकाऊ, पण इतका जड आणि कठीण की मेस्त्री कुरकुर करतात. ऐन मजबूत आहे, मात्र वाळताना तडे जाण्याची त्याला खोड आहे, म्हणून ते फक्त जुने, पूर्ण वाळलेले मिळाले तरच घ्या. नीलगिरी वाकते आणि तडकते. सिल्व्हर ओक आणि रबरवूड उघड्यावर ठेवण्यासाठी नाहीतच, दुकानदार कितीही शपथेवर सांगो.

बेळगावचे प्राचीन नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचे गाव. त्यामुळे बांबूच्या खुर्च्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात प्रक्रिया केलेला बांबू व्हरांड्यात छान टिकतो; प्रक्रिया न केलेला बांबू त्यातल्या पिष्टामुळे कीड ओढवून घेतो आणि पिवळा भुगा गाळू लागतो.

३. गाभा किती आणि पांढरा भाग किती, ते पाहा

माझा पहिला बाक खरोखरच सागवानाचा होता. ही गोष्ट मला पुढे मेस्त्रींनी तुटलेला पाय पाहून सांगितली. "साहेब, सागवानच आहे, पण कवळं आहे. गाभा कुठाय ह्यात?" त्यांनी पायाचा कापलेला तोंडाकडचा भाग दाखवला, तर मधोमध तपकिरी गाभा बोटाएवढा आणि भोवती सगळा फिकट पांढरट भाग. कोणत्याही झाडाचा हा बाहेरचा पांढरा भाग टिकाऊ नसतो, सागवानाचाही नसतो. लागवडीतल्या कमी वयाच्या, बारीक घेराच्या झाडांत तो प्रमाणाने जास्त निघतो आणि गडद रंगाच्या पॉलिशखाली बेमालूम लपतो.

म्हणून फर्निचर उलटे करा आणि पायांचे तळ, हातांची टोके, पट्ट्यांच्या कडा बॅटरीच्या उजेडात पाहा. तिथे पॉलिश सहसा नीट लागलेले नसते. दुकानदाराची परवानगी घेऊन खालच्या बाजूला स्पिरिटचा कपडा घासा. कपड्यावर दाट तपकिरी रंग आला तर वरून डाय दिलेला आहे, आणि तो कशासाठी दिला हे विचारायला हवे. गाठींच्या जागी भुसा आणि गोंदाची लांबी भरलेली आहे का, तेही याच वेळी पाहा. घट्ट बसलेली लहान गाठ चालते, पण पायात किंवा सांध्याजवळ आलेली गाठ मुळीच घेऊ नका.

४. लाकूड वाळलेले आहे का?

ताज्या कापलेल्या लाकडात भरपूर पाणी असते आणि ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागली की लाकूड आकसायला लागते. फर्निचरसाठी ती १२ टक्क्यांच्या आसपास असावी. आपल्याकडे पावसाळ्यात १५-१६ दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही, २० दिसली तर मात्र परत फिरा. यंत्र नसेल तर वजन मदत करते. वाळलेल्या सागवानाचा एक घनफूट साधारण १८ ते १९ किलो भरतो. त्याहून बराच जास्त भरला तर एक तर लाकूड ओले आहे किंवा ते दुसरेच काही आहे. बराच कमी भरला तर ते बहुधा सागवान नव्हे.

खरेदीचा महिनाही महत्त्वाचा आहे, आणि इथेच मी सर्वांत मोठी चूक केली. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल घेऊन फुगते, त्यामुळे ढिले सांधेही घट्ट दिसतात. चैत्र-वैशाखात कोरडे वारे सुटले की लाकूड आपले सगळे दोष उघड करते: फटी दिसतात, पट्ट्या हलतात, पीळ आलेला पाय जमिनीला टेकत नाही. म्हणून शक्यतो मार्च ते मे या काळातच खरेदी करा. दोरा ताणून पट्टीच्या दोन टोकांना लावा. मधे फट दिसली तर पट्टी वाकलेली आहे. रिकामा बाक सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्या. डुगडुगला तर 'पायाखाली पुठ्ठा घाला' हे उत्तर स्वीकारू नका.

५. सांधे, स्क्रू आणि गोंद

उघड्यावरच्या फर्निचरसाठी सर्वांत भरवशाचा सांधा म्हणजे खाचेत कुसू बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेला जुना सुतारी सांधा. त्यात गोंद सुटला तरी खुंटी सांधा धरून ठेवते. दुकानातल्या तयार मालात बहुतेक वेळा दोन लाकडे नुसती एकमेकांना टेकवून स्क्रू मारलेला असतो किंवा आतून लोखंडी कोनपट्टी लावलेली असते. घरातल्या खुर्चीला ते चालून जाते. बाहेर मात्र लाकूड दरवर्षी फुगते-आकसते, स्क्रूचे भोक मोठे होते आणि त्या भोकात पाणी राहते. सांधा कसा आहे हे कळत नसेल तर थेट विचारा: "कुसू किती इंचाचा आहे?" ज्याने बाक स्वतः बनवला आहे तो लगेच उत्तर देतो. जो विषय बदलतो त्याचे उत्तरही आपल्याला मिळालेलेच असते.

स्क्रूला लोहचुंबक लावून पाहा. साधा लोखंडी स्क्रू जोरात ओढला जातो. पितळी मुळीच ओढला जात नाही आणि ३०४ दर्जाचा स्टेनलेस स्टीलचा फार तर किंचित. साध्या लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिनचा ओलीत संयोग झाला की स्क्रूभोवती काळे डाग पडतात आणि तिथूनच लाकूड कमकुवत होते. बेळगावात ३०४ दर्जा पुरेसा आहे; कारवारकडे किनाऱ्यालगत राहत असाल तर ३१६ चा आग्रह धरा. गोंद नेहमीचा पांढरा नको, पाण्यात न सुटणारा मरीन प्रकारचा हवा. तयार वस्तूत तो तपासता येत नाही, करून घेताना मात्र डबा समोर उघडायला सांगा. माझ्या मेस्त्रींना आधी थोडा राग आला, नंतर त्यांनीच दोन प्रकारच्या गोंदातला फरक मला समजावून सांगितला.

आता पाणी अडण्याच्या जागा. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये ६ ते ८ मिलिमीटर अंतर असावे. एकसंध फळीची बैठक म्हणजे पावसाळी तळे. टेबलाच्या वरच्या भागालाही हेच लागू आहे. हाताच्या वरच्या बाजूला किंचित उतार किंवा गोलाई असावी. एक तांब्या पाणी ओतून बघू का, असे विचारा. चांगला दुकानदार हसून हो म्हणतो. ओतलेले पाणी मिनिटभरात खाली उतरायला हवे. जिथे थेंब थांबतील ती जागा दोन वर्षांनी मऊ पडेल, असे धरून चाला.

६. पॉलिशला भुलू नका

मेलामाइन आणि लाखेचे चपडा पॉलिश ही घरातल्या वस्तूंसाठी आहेत. बाहेर पहिले पांढरे पडते, दुसऱ्यावर पाण्याचे डाग उठतात. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बाहेरच्या वापराचे असेल तर काही वर्षे टिकते, पण एकदा त्याला भेग पडली की पाणी आत शिरते, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पापुद्रे सुटू लागतात. मग सगळे खरवडून काढावे लागते. माझे मत तेलाच्या बाजूने आहे. जवसाचे किंवा टीक ऑइल नावाने मिळणारे तेल लाकडात मुरते आणि पुढच्या वर्षी पॉलिश पेपर हलकासा फिरवून पुन्हा देता येते. काहीच दिले नाही तर सागवान हळूहळू चंदेरी करडे होते. त्यात त्याचे काही बिघडत नाही, आणि मला तर तो रंग आवडतो.

जवसाच्या तेलाने माखलेला कपड्याचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

७. बसून पाहा

बैठकीची उंची १६ ते १८ इंच, तिची खोली साधारण तेवढीच आणि टेबलाची उंची २८ ते ३० इंच असावी. घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्या. उठताना त्यांचा हात कुठे टेकतो, ते पाहा.

८. दराचा हिशेब स्वतः करा

वखारीत लाकूड घनफुटावर विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. ६ फूट लांब, ४ इंच रुंद आणि २ इंच जाड तुकडा म्हणजे ४८ भागिले १४४, अर्थात एक तृतीयांश घनफूट. दोन माणसांच्या चार फुटी, पाठ आणि हात असलेल्या भक्कम बाकाला तयार अवस्थेत सुमारे दीड घनफूट लाकूड लागते; छाटणी आणि रंध्यात जाणारे धरून दोन घनफूट समजा. म्हणजे असा सागवानी बाक २७-२८ किलोच्या घरात भरायला हवा. माझा पहिला बाक मी एकटा एका हाताने उचलून रिक्षात ठेवला होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

लाकडाचा दर, मजुरी, स्क्रू-गोंद आणि पॉलिश हे चार आकडे वेगळे मागा. 'सगळे मिळून इतके' या आकड्यात लाकूड नेहमी बारीक होते.

शहापूर किंवा खडेबाजाराकडे जुना वाडा उतरवला जात असेल, तर तिथल्या तुळया आणि दारांच्या चौकटी आधी पाहा. वर्षानुवर्षे वाळलेले सागवान नव्याने मिळणे कठीण असते. मात्र आत मोडलेले खिळे असतात, त्यामुळे गिरणीवाला कापायला नाखूश असतो, आणि टोकांना वाळवीची पोकळी असू शकते. हातोडीने ठोकून पाहा. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो.

९. कागदपत्रे

- जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, त्यावर लाकडाचे नाव, मापे आणि नगसंख्या
- करून घेताना ठरलेली मापे, लाकूड, सांधा आणि मुदत लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा कागद. आगाऊ रकमेची पावती
- ओंडके किंवा कापीव लाकूड स्वतः आणत असाल तर वनखात्याचा वाहतूक परवाना
- जुने लाकूड असेल तर ते ज्या घरातून निघाले त्याच्या मालकाचे पत्र

तिसरा मुद्दा सीमाभागात विशेष महत्त्वाचा आहे. चंदगड किंवा कोल्हापूरकडून, अथवा चोर्ला घाटाने गोव्याकडून लाकूड आणणे आपल्याला शेजारच्या गल्लीतून आणल्यासारखे वाटते. कायद्याच्या दृष्टीने ती दोन राज्यांमधली वाहतूक असते. शिनोळी किंवा कोगनोळीला गाडी अडली की 'पाव्हण्यांच्या शेतातले आहे' हे सांगणे पुरत नाही. शेतातले स्वतःचे झाड तोडायचे असले तरी आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. शिसव आणि चंदनाच्या बाबतीत तर बिलाशिवाय हातच लावू नका.

१०. घरी आल्यावर

पायांचे तळ उलटे करून त्यांना तेलाचे तीन-चार हात द्या. लाकूड कापलेल्या तोंडानेच सर्वांत जास्त पाणी पिते. मग नायलॉनचे किंवा रबराचे बूट बसवा. बुटाला पाणी निघून जाण्यासाठी भोक हवे, नाहीतर तोच पाण्याचा पेला बनतो. आपल्याकडे आणि चंदगडकडे काजूच्या टरफलाचे काळे तेल लाकडाला लावण्याची जुनी पद्धत आहे, वाळवीवर ते गुणकारी आहे, पण कातडी भाजते. हातमोजे घाला आणि ते फक्त पायांच्या तळाला आणि खालच्या बाजूला लावा, बसायच्या जागी नको.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बाक पडवीत घ्या. पडवी नसेल तर ताडपत्री थेट लाकडावर गुंडाळू नका, कारण आत वाफ धरते आणि आठ दिवसांत बुरशी येते. वर चार काठ्यांवर ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. गणपतीनंतर उघडीप मिळाली की साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नव्हे. दसऱ्यापर्यंत सुकू द्या आणि मग तेल द्या. माझ्या बाकाची एक पट्टी गेल्या वर्षी टोकाला मऊ पडली. वरच्या कुंडीचे पाणी रोज तिच्यावर ठिबकत होते. मेस्त्रींनी दोन स्क्रू काढून पट्टी बदलली, मी कुंडी हलवली.